सोसायटीच्या फरशीवर निजलेल्या बायका

दुष्काळाचं साल होतं. वडवणीच्या पुढं, डोंगराच्या कडेच्या एका गावात आम्ही दोघी अभ्यासासाठी गेलो होतो, मी आणि माझी सहकारी. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं तिकडं ऐन तरुणपणात काढलेली. 'पिशवी काढली' म्हणतात. त्यानंतरचं जगणं त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. पण ऐकायचं कसं, ते आधी ठरवायचं होतं. माझा भरवसा गटचर्चेवर. एकीनं तोंड उघडलं की बाकीच्या आपोआप बोलतात.

बसायला दूध सोसायटीची खोली मिळाली. जनावरं चारा छावणीत गेल्यापासून ती बंदच होती, तरी आत आंबूस वास होता. बायका भिंतीला टेकून बसल्या. उंबऱ्यावर मुकादमाची बायको. साखर कारखान्यासाठी तोडणीची टोळी मुकादमच जमवायचा, कुणाला काम द्यायचं तेही तोच ठरवायचा, त्यामुळं तिच्यादेखत कोण बोलणार, हे मला कळायला हवं होतं.

"ऑपरेशननंतर तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"आता समदं बरं हाय," पहिली म्हणाली.

"आता समदं बरं हाय," दुसरी.

तिसरीही तेच. तोच सूर, 'समदं'नंतर तसाच किंचित थांबा. शेवटच्या बाईपर्यंत ते वाक्य जसंच्या तसं आलं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन एकेकीची मुलाखत घेतली. दारात सासू बसलेली, आणि चुलीच्या धुरातून तेच वाक्य, त्या थांब्यासकट.

"आपण विचारणंच सोडू या," सहकारी म्हणाली. "चित्र काढू."

दुपारी पुन्हा सोसायटीत जमलो. उंबऱ्यावर मुकादमाची बायको होतीच. रेकॉर्डर बाहेर काढलाच नाही, फक्त खडू आणले. जिला वाटेल तिनं फरशीवर निजायचं, दुसरीनं तिच्या अंगाभोवती रेघ ओढायची, मग दुखतं तिथं खूण करायची. विशीतली एक बाई खिदळतच निजली. रेघ पूर्ण झाली, पण ती उठेना. नजर छताला लागलेली.

"काय झालं, ताई?"

"गार लागतंय." बाहेर ऊन मी म्हणत होतं. "तिथं टेबलावर बी असंच गार लागलतं. डॉक्टर म्हनला, पिशवी न्हाई काढली तर क्यान्सर व्हईल. मी इचारलं, कावून? त्यो बोललाच न्हाई."

मग एकेक निजत गेली. कंबर, गुडघे, डोकं खडूनं पांढरंफेक झालं. पोटाची जागा मात्र प्रत्येकीनं कोरी ठेवली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"इथं दुखत नाही?" मी विचारलं.

"दुखाया तिथं हाय काय?"

इतक्यात मुकादमाची बायको उंबऱ्यावरून उठली. सगळ्यांचे खडू थांबले. ती आत आली, पदर खोचला आणि दोन आकृत्यांच्या मधे आडवी झाली.

"माजी बी काडा."

त्यानंतर बायका बोलल्या, एकमेकींना तोडत, रडत, मधेच हसत. एकीचं वाक्य दुसरीसारखं नव्हतं. लिहून घेऊ का, असं विचारलं. एकीनं नको म्हटलं, तिचं लिहिलं नाही. पुढं सगळ्या गावांत आम्ही हीच पद्धत वापरली.

बाहेर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला तशा सगळ्या घागरी आणायला पळाल्या. खोलीत आम्ही दोघीच उरलो, आणि फरशीवर खडूच्या रेघांत त्या निजलेल्या. दार समोरच होतं. पण त्यांना ओलांडायला आमचा पाय उचलेना. चपला हातात घेऊन, भिंतीला पाठ घासत, आम्ही कडेकडेनं बाहेर पडलो.