चोरीचा लेथ आणि गडमुडशिंगीचा टर्नर

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तो लेथ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कोल्हापूरच्या एका औद्योगिक वसाहतीतलं पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. दिवाळीच्या सुट्टीत एका वर्कशॉपमधून टनभर वजनाचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चोरीला गेला. मालकाने फिर्यादीतच संशयित सांगून टाकला: गडमुडशिंगीचा एक टर्नर. चौदा वर्षं त्याच लेथवर काम करून, स्वतःचं वर्कशॉप काढायचं म्हणून त्याने महिन्यापूर्वी नोकरी सोडली होती. मलाही ते पटलं. तीनदा बोलावून त्याला दिवसदिवस बसवून ठेवलं. हाती काही लागलं नाही.

चौथ्यांदा तो न बोलावता आला.

"साहेब, नवा लेथ झेपंना म्हणून जुना बघाय इचलकरंजीला एका व्यापाऱ्याकडं गेलतो. तिथं आमचाच लेथ हाय की! रंग नवा मारलाय, पण हँडल अर्धा फेरा रिकामं जातंय. माझा हात वळखतोय त्याला."

"जुन्या लेथचं हँडल रिकामं जातंच. आणि संशय तुझ्यावर असताना तूच सांगायला येतोस?"

"म्हणून तर आलोय. स्वस्तात घेऊन गप बसलो असतो, तर जन्मभर चोर ठरलो असतो."

पंचांना आणि मालकाला घेऊन आम्ही त्या व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. लेथवरची नंबरपट्टी गायब होती. व्यापाऱ्याने हसत हसत खरेदीची पावती पुढे केली. मी लेथभोवती सावकाश फिरलो. सगळा चकाचक, फक्त बेडच्या, म्हणजे खालच्या लांब लोखंडी बैठकीच्या, टोकाला हळदकुंकू आणि तेलाचं काळपट पुट तसंच होतं. दर खंडेनवमीला तिथेच पूजा होत आलेली. नंबरपट्टी उपटणाऱ्यांना त्या पुटावर ब्रश फिरवायचा धीर झाला नव्हता!

"साहेब, कंपनीचा नंबर बेडच्या टोकालाबी ठोकलेला असतोय," टर्नर म्हणाला.

मालकाने लेथला हात जोडले आणि रॉकेलच्या बोळ्याने ते पुट पुसलं. एकेक आकडा वर आला. मालकाने सोबत आणलेल्या खरेदीच्या बिलावरचाच नंबर. व्यापाऱ्याचं हसू मावळलं. ठाण्यात आणल्यावर तासाभरात त्याने चोरी करणाऱ्या टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं. पंचनामा लिहिताना माझी छाती फुगली होती, हे लपवत नाही.

कोर्टाच्या हुकमाने लेथ मालकाला परत मिळाला. मालक ओशाळून टर्नरला म्हणाला, "चुकलं माझं. हा लेथ तूच घिऊन जा."

"न्हाय मालक. आता कर्ज काढून नवाच घेणार. जुना दारात आला की कोणतरी इचारणारच, कुठनं आणलास म्हणून."

हे मला लागलं. गुन्हा उघडकीला आला होता, पण मी लावलेला डाग त्याच्या अंगावरून गेला नव्हता.

पहिल्या चौकशीला त्याला आणायला मी त्याच्या गल्लीत जीप पाठवली होती. नव्या लेथच्या पूजेला मी वर्दी घालून त्याच जीपमधून गेलो, ती बरोबर दारात उभी केली आणि शेजारीपाजारी जमेपर्यंत चहा लांबवला. मग सगळ्यांदेखत म्हणालो, "ही चोरी पोलिसांनी नाही, ह्यानं पकडली." तो मान खाली घालून रडला. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो त्या दिवसाचा. संशय चारचौघांत घेतला असेल, तर तो काढूनही चारचौघांतच घ्यावा लागतो, हे मी त्या गल्लीत शिकलो.