वारा पाह्यलांत की?

इथले सगळे अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना मनातल्या मनात 'फेकू' म्हणते. स्वभावच संशयी. चेन्नईजवळ सिरुसेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याने 'चालतंय' म्हटलं की ते कसं चालत नाही हे दाखवायचा पगार घेते! भूतबीत तर सोडाच, मी शकुनसुद्धा मानत नाही. तरी हे लिहितेय...

मी सांगलीची. सासर चेन्नईचं, तंजावूरकडचं मराठी कुटुंब, घर अण्णा नगरला. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, सासूबाईंना अम्मा. पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारात राहिलेलं त्यांचं मराठी. टायरमध्ये मी हवा भरते, ते 'वारा' भरतात, कारण तमिळमध्ये हवा आणि वारा दोन्हींना एकच शब्द, कात्तु. नवी नवरी असताना मी यावर पोट धरून हसले होते.

अम्मा माझ्यापेक्षा संशयी. गॅस बंद केलास का, हे मला दोनदा विचारून तिसऱ्यांदा स्वतः बघून यायच्या. गाडीत बसण्याआधी दाराशी उभ्या राहून अप्पांना विचारायच्या, "अहो, वारा पाह्यलांत की?" अप्पा चारही चाकं पायाने दाबून "पाह्यलों" म्हणाले की मगच आत बसायच्या. अम्मा, टायरची हवा कमी झाली तर गाडीत दिवा लागतो, असं मी एकदा समजावलं. "दिव्याला काय कळतंय?" म्हणाल्या.

गेल्या वर्षी अम्मा गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी घराजवळच्या राउंडटाणा चौकात गाडी चालवताना अप्पांना चक्कर आली. कोणाला लागलं नाही, पण डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. श्रीराम, माझा नवरा, भीतीपोटीच ओरडला, "अप्पा, पुन्हा स्टिअरिंगला हात लावलात तर गाडी विकून टाकेन!" अम्मा गेल्यापासून त्या जुन्या गाडीशिवाय ते कशातच रमत नव्हते. गाडी विकली असती तर माणूस खचला असता. किल्ली माझ्या पर्समध्ये आली आणि गाडी मी ऑफिसला न्यायला लागले.

आणि तो दिवा लागला. घोड्याच्या नालासारखं चिन्ह, आत उद्गारचिन्ह. चावी फिरवल्यावर सगळेच दिवे क्षणभर लागून विझतात, हे मला ठाऊक आहे. हा विझायचा नाही. पंपावर हवा तपासली, चारही चाकं व्यवस्थित. आमच्या मेकॅनिकने, सेल्वमने, चाकातल्या सेन्सरची बॅटरी गेली असेल म्हणून सेन्सर बदलले. दिवा तसाच. मग वायरिंगवर संशय घेतला, तेही झालं. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "कात्तु सरिया इरुक्कु, मॅडम." म्हणजे हवा बरोबर आहे. आणि हसून पुढे म्हणाला की आमच्याकडे भुताखेतालाही कात्तुच म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडेही माणसाला वारं लागतंच, तू स्कॅनर लाव!

पण एक गोष्ट मला खटकत होती. एखाद्या दिवशी दिवा लागायचाच नाही. आणि नेमक्या त्या दिवशी अप्पा माझ्याआधी 'फिरायला' गेलेले असायचे. म्हटलं, पाणी मुरतंय. देवघराच्या खणात पाहिलं तर गाडीची दुसरी किल्ली! हे गुपचूप गाडी चालवतात? पुन्हा चक्कर आली तर? श्रीरामला सांगावं तर गाडी जाणार, न सांगावं तर कदाचित माणूसच.

एकदा सकाळी त्यांच्या मागोमाग खाली पार्किंगमध्ये गेले आणि खांबाआड उभी राहिले. अप्पांनी दार उघडलं, चावी फिरवली. मी ओरडणारच होते... पण इंजिन सुरू झालंच नाही. उघड्या दारातून तो दिवा तेवढा पेटलेला दिसला. अप्पा उतरले, चारही चाकांजवळ जाऊन एकेक पायाने दाबलं, परत आले, आत वाकले आणि शांतपणे म्हणाले, "वारा पाह्यलों."

दिवा विझला.

मी पुढे आले तर दचकलेही नाहीत. "ती विचारते नं," म्हणाले. "उत्तर नको द्यायला?"

डोळ्यांत पाणी आलं, पण डोक्यातला टेस्टर गप्प बसेना. पायाच्या दाबाने सेन्सर जागा होत असेल. दुसऱ्या दिवशी मी चाकं दाबली. दिवा चालू. "हवा पाहिली," म्हटलं. चालू. मग इकडेतिकडे बघून, शरमत, अप्पांचंच वाक्य पुल्लिंगासकट म्हटलं, "वारा पाह्यलों." विझला!

श्रीरामला सांगितलं तर तो गडगडून हसला. आणि दुसऱ्या किल्लीचं ऐकून भडकला, ती स्वतःकडे काढून घेतली. अम्मांचं वर्षश्राद्ध तंजावूरला होतं. तिकडून आलो की गाडी विकायची, असं त्याने जाहीर केलं. अप्पांनी ताट अर्धं टाकलं.

निघायच्या दिवशी आम्ही तिघं गाडीत. दिवा लागला. श्रीराम बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत डोळा मारून म्हणाला, "वारा पाह्यलों, अम्मा!"

दिवा तसाच.

मागून अप्पा म्हणाले, "खोटं कां सांगतोस तिला? उतर."

चिडचिड करत तो उतरला. डाव्या बाजूचं मागचं चाक दाबायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. टायरच्या आतल्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही, तिथे गलेलठ्ठ फुगा आला होता. सेल्वमला बोलावलं. त्याने आधी हवा मोजली, ती अगदी बरोबर होती. "हायवेवर फुटला असता, सार," एवढंच म्हणाला. हवा बरोबर असताना सेन्सरला हे कळणं शक्यच नाही, हेही त्यानेच सांगितलं.

टायर बदलल्यावर श्रीराम एकटाच चारही चाकांभोवती फिरला. मग आत वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "पाह्यलों, अम्मा." दिवा विझला. परत आल्यावर दुसरी किल्ली त्यानेच देवघराच्या खणात ठेवली. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सेल्वमने आता दिव्याचं सगळं सर्किटच बदललंय. तरी दिवा लागतो. कोणाकडे पटणारं कारण असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. माझा संशय अजून गेलेला नाही. रोज आधी "हवा पाहिली" म्हणून बघते आणि दिवा ढिम्म हलत नाही. अम्मा होत्या तेव्हा त्यांच्या मराठीला मी नुसती हसत राहिले, एक वाक्य कधी शिकले नाही. आता रोज सकाळी चारही चाकं खरोखर बघते, आणि त्यांना त्यांच्या भाषेत सांगते.