पडवीतली खाट

आमच्या भैरोबाचा मला इतका राग आला होता, की आठ दिवस मी देवळाची पायरी चढले नव्हते. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गालाचा कॅन्सर झाला होता. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरने त्यांच्याकडे न बघता माझ्या मालकांना सांगितलं, "सत्तरी उलटलीय. आता काय करायचं? घरी न्या." दुखण्यावर साधी गोळीसुद्धा लिहून दिली नाही. मामंजी समोरच बसले होते. त्यांचे कान शाबूत होते. घरी आल्यावर जखमेला वास सुटला, तशी थोरल्या दिरांनी त्यांची खाट गोठ्यात नेली. मुळशीच्या उतारावर उभा जन्म भात लावलेला माणूस जनावरांशेजारी कण्हत पडला. बघायला येणाऱ्या बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, "आता देवानं सोडवावं." ऐकून माझं अंग जळायचं.

नवव्या दिवशी सकाळी देवळात गेले ती भांडायलाच. "तुजी पालखी चाळीस वर्सं वाहिली त्यांनी. त्याचं ह्ये दिलंस व्हय?" मी मोठ्यानं म्हणाले. ओट्यावर एक अनोळखी बाई बसली होती. खाली रस्त्यावर एसटी बंद पडली म्हणून ती सावलीला आली होती. "कोणाला काय झालंय?" तिनं विचारलं. ती नर्स निघाली.

ती माझ्याबरोबर सरळ गोठ्यात आली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय हवंय?" इतक्या महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. ते अडखळत म्हणाले, "दुखायचं थांबंल तर बरं. आन् पडवीत बसवा. शेत दिसंल."

मिठाचं पाणी उकळून निववून तिनं जखम धुतली, पट्टी बांधायला मला शिकवलं. मग दिरांकडे वळली. "म्हातारपणी दुखणं कमी लागतं, असं वाटतं का तुम्हाला?" दिरांनीच खाट उचलून पडवीत आणली. पौडच्या डॉक्टरांना तिनं चिठ्ठी लिहून दिली. त्यांच्या औषधानं मामंजी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. ती मात्र त्या दिवशीच, एसटी सुरू झाली तशी गेली होती. नाव विचारायचं राहिलं.

भात पोटरीला येऊन लोंब्या धरेपर्यंत मामंजी जगले. पेज प्यायचे, पडवीतून हातवारे करून गड्यांवर रागवायचे. गेले तेही शेताकडे तोंड करून.

त्या मोठ्या डॉक्टरची आठवण झाली की आजही माझा संताप होतो, आणि तो शमव असं मी देवाला म्हणत नाही. मात्र बरं करणं आणि नेणं त्याच्याकडे सोपवलं. धुणं, पुसणं, विचारणं माझ्याकडे होतं. ते शिकवायला त्यानं त्या नर्सला ओट्यावर आणून बसवलं, एवढ्यासाठी त्याला नमस्कार करते.