खिडकीतून दिसणारा बोया

ताईचं काम कुणाला सांगायला जावं, तर धड सांगता यायचं नाही. लाटा मोजणारे पिवळे बोये समुद्रात कुठे तरंगत ठेवायचे, हे ती ऑफिसात बसून ठरवते. रीत अशी, की एका बोयाने कळवलेलं बाजूला ठेवायचं आणि त्याच्यावाचून कॉम्प्युटरकडून उद्याच्या लाटांचा अंदाज काढायचा. अंदाज बिघडला, तर बोया कामाचा. काही फरकच पडला नाही, तर त्याला उचलून दुसरीकडे न्यायचं.

"घरच्या माणसांना ही रीत लावत नाहीस ते बरंय," धाकटा भाऊ म्हणायचा. "पहिला मीच उचलला गेलो असतो."

भाऊ होडी घेऊन मासेमारीला जातो. बंदराच्या तोंडाशी एक बोया होता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा. चहा पिता पिता भाऊ त्याचं डोलणं बघायचा आणि जायचं की नाही ते ठरवायचा.

नेमकं त्या बोयावाचूनच कॉम्प्युटरचं काही अडेना. ताईने पुन्हा पुन्हा पाहिलं. जवळचा बोया आलेल्या लाटेचं सांगणार. येणाऱ्या लाटेची खबर लांबचाच देणार. शेवटी तिने सही केली आणि बोया खोल समुद्रात गेला.

"आता सकाळी बघू काय? तुझं तोंड?" भाऊ फणफणला.

मग एके दिवशी अंदाज आला: दुपारी लाटा चढणार. खिडकीबाहेर तर पाणी ताटात ओतल्यासारखं निवांत. भाऊ जाळं खांद्यावर टाकून उभा.

"ताई, जाऊ का नको?"

ताईचं डोकं चालेना. बोया खोल समुद्रात गेल्यापासून अंदाज सुधारलाय, हे खरं. पण म्हणून आजचा खरा ठरेलच, असं कुठे होतं? उगाच थांबवलं, तर दिवस बुडणार. जा म्हटलं आणि लाटा चढल्या, तर? शिवाय आपण नको म्हणणार ते अंदाजावर विश्वास आहे म्हणून, की बोया आपणच हलवला म्हणून, हेही तिला उमगेना.

"नको जाऊस."

"नक्की?"

"नक्की कुठलं रे! नको जाऊस, एवढंच."

भावाने जाळं खाली टाकलं. "नक्की म्हणाली असतीस, तर गेलोच असतो. समुद्राचं नक्की सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही."

दोघं चहा घेऊन खिडकीशी बसली. दुपारला अजून अवकाश होता. ताईची नजर बंदराच्या तोंडाकडेच.

"तिकडे काही नाहीये आता," भाऊ म्हणाला.

"माहितेय मला," ताई म्हणाली आणि तिथेच बघत राहिली.