धाकटीला सांगायचं कुणी

माझ्या खोलीच्या दारावर ‘जनुकीय समुपदेशन’ अशी पाटी आहे, पण ती वाचून कुणी आत येत नाही. नगरच्या आमच्या रुग्णालयात लोक मला रक्तवाल्या मॅडम म्हणतात. खरं तर रक्त नर्स काढते. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. घरात कोण कशाने गेलं हे विचारून नात्यांचा नकाशा काढायचा, आणि निकाल आला की तो समोरच्याला कळेल अशा शब्दांत सांगायचा.

ती पहिल्यांदा आली ती देवळाली प्रवरेकडून, सात वर्षांच्या मुलाला घेऊन. उसाची बागायत असलेलं घर. सोबत नवरा आणि सासू. मुलगा शाळेत सारखा पडायचा. जमिनीवरून उठताना तो आधी हात टेकायचा, मग गुडघे धरायचा आणि स्वतःच्याच मांड्यांवर हात चढवत उभा राहायचा. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. सासू कौतुकाने म्हणाली, नातवाच्या पिंढऱ्या बघा कशा भरल्यात. मी बघितल्या आणि लिहिण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

तपासणीत डॉक्टरांना वाटलं होतं तेच निघालं. स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा आजार; पोटऱ्या फुगणं हेही त्याचंच लक्षण. औषधाने त्याचा वेग कमी होतो, तो थांबत नाही. हा दोष बहुतेकदा आईकडून येतो आणि मुलग्यांना धरतो. मुलींना सहसा त्रास होत नाही, पण त्या तो पुढे नेऊ शकतात. हे सगळं मी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं. मग आईचंही रक्त तपासायचं ठरलं, तेव्हा तिने दारातून परत येऊन एकच विचारलं, निकालाला मी एकटी आले तर चालेल का. मी म्हटलं, चालेल, तो निकाल तुमचा आहे.

निकालाच्या दिवशी ती घरी मुलाचं औषध न्यायचं सांगून एकटीच आली. दोष तिच्यात होता. ती रडली नाही. यात तुमची काही चूक नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं.

“दोष न्हाई ते तुमच्या खोलीत,” ती म्हणाली. “आमच्या घरी दोषच म्हनत्यात त्याला.”

मी नकाशा पुढे ओढला. तिचा मामा सोळाव्या वर्षी गेला होता, ती जन्मायच्या आधी. शेवटची काही वर्षं तो खाटेवरच होता. घरात सगळे पोलिओ म्हणत. म्हणजे हा दोष तिच्या आजीकडून तिच्या आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आला होता. मी बहिणींचं पुन्हा विचारलं. पहिल्या खेपेला सासूसमोर ती एवढंच म्हणाली होती की एक धाकटी आहे, तिचं लग्न झालंय. आता तिने सांगितलं की धाकटी त्याच घरात आहे, तिच्या दिराला दिलेली. दोघी बहिणी सख्ख्या जावा.

“तिला दिवस गेल्यात,” ती म्हणाली. “दुसरा महिना सरत आलाय.”

मी पेन खाली ठेवलं. धाकटीतही दोष असण्याची शक्यता निम्मी होती. तिच्या रक्ताचा निकाल यायला दोनअडीच आठवडे जाणार. दोष निघाला तर गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आसपास करावी लागते. त्यानंतरही करता येते, पण उशीर होईल तसा निर्णय जड होत जातो. मी म्हटलं, तिला याच आठवड्यात सांगा.

ती उठली. ही बहीण तिनेच सुचवली होती. दिरासाठी मुली बघत होते तेव्हा ती सासूला म्हणाली होती, माझ्या बहिणीला करा, पोरगी निरोगी आहे.

“ह्यो कागद माझा हाय ना,” तिने विचारलं. “मग तिला सांगू नका.”

कागद तिचाच होता. तिच्या संमतीशिवाय मला तो कुणाला दाखवता येत नव्हता. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, पुन्हा तिच्याशीच बोला, तिलाच तयार करा. मी सोमवारी फोन केला. आज सांगते, म्हणाली. गुरुवारी केला तर सासूने उचलला. मी मुलाच्या औषधाची चौकशी केली आणि ठेवून दिला.

तिच्या अर्जावर दुसरा संपर्क म्हणून धाकटीचा नंबर होता. तो मी एका चिठ्ठीवर उतरवून पर्समध्ये ठेवला. का उतरवला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी सुप्याला राहते, रोज एसटीने येते-जाते. त्या आठवड्यात बसमध्ये बसले की चिठ्ठी काढायची आणि आठवडे मोजायचे. आठवा संपत आला. लावावा का फोन? मग थोरली माझ्याकडे पुन्हा येईल का? तिच्यासारख्या बाकीच्या येतील का? सुपा आलं की मी चिठ्ठी आत ठेवायची. घरी आई विचारायची, जेवत का नाहीस. तिलाही काही सांगता येत नव्हतं. एक दिवस चिठ्ठी फाडून स्टँडवर टाकली. नंबर तोवर पाठ झाला होता.

बाराव्या दिवशी दोघी आल्या. थोरलीने धाकटीला बाहेर बाकावर बसवलं, आत येऊन दार लोटलं आणि भराभर बोलू लागली. पोटुशीच्या नेहमीच्या तपासण्या आहेत असं सांगून तिने बहिणीला आणलं होतं. मी गुपचूप रक्त घ्यावं. चांगलं निघालं तर कुणाला काही सांगायची गरजच नाही.

मी म्हटलं, “कशासाठी घेतेय हे तिला ठाऊक नसताना मी तिचं रक्त घेणार नाही.”

“मग मी तिला घिऊन जाते परत.”

तिने कडीला हात घातला. त्या क्षणी मला म्हणावंसं वाटलं होतं, बरं, बसवा तिला, काढू. आज त्या गेल्या असत्या तर पुन्हा कधी आल्या असत्या कुणास ठाऊक, आणि हातातले दिवस असेही थोडेच होते. मी नियम पाळतेय की एका बाईचं नुकसान करतेय, हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात दार बाहेरून ढकललं गेलं. धाकटी दारात उभी होती. कधीची बसलीये, म्हणाली, काय चाललंय तुमचं? थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढे सरकवली. थोरली खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

“मामाला पोलिओ नव्हता,” ती म्हणाली, आणि तिथून सगळं सांगत गेली. मध्ये अडली तिथे तेवढं मी बोलले.

धाकटीने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुला कधी कळलं, आक्का?”

“बारा दिस झालं.”

“बारा दिस तू माझ्या शेजारी बसून भाकरी थापतीस.”

धाकटीने ब्लाऊजची बाही वर सरकवली. मी तिला थांबवलं. कशाची तपासणी, काय निघू शकतं, निघालं तर पुढे काय, नको असेल तर नाही म्हणता येतं, हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, कळलं, काढा.

त्या रात्री धाकटीने नवऱ्याला सांगितलं आणि सकाळपर्यंत घरभर झालं. चार दिवसांनी सासूचा फोन आला. थोरलीच्या कागदात काय निघालं ते मला सांगा, म्हणाली. मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता बोलणी ऐकावी लागणार.

“नका सांगू,” ती म्हणाली. “मला समजलंय. ती धड जेवत न्हाई. तुमचं ऐकती ती, तिला म्हनावं जेव.”

रक्त घेतल्यापासून अठराव्या दिवशी निकाल आला. धाकटी नवऱ्याबरोबर आली, मागून थोरली. थोरलीला बाहेर थांबायला सांगू का, असं मी धाकटीला विचारलं. ती नको म्हणाली, बसू द्या. मी कागद उलगडला आणि आधी उत्तर सांगितलं, मग बाकीचं. तिच्यात दोष नव्हता. गर्भाची तपासणी करायचं कारण उरलं नव्हतं. नवऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. धाकटी रडायला लागली, आणि थोरलीने तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. कितीतरी वेळ ती लई बरं झालं, लई बरं झालं म्हणत होती.

बाकीचे बाहेर गेल्यावर थोरली मागे राहिली.

“म्हंजे मी एकलीच,” ती म्हणाली.

मी होय म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं.

धाकटीला मुलगा झाला. दोघींचं लगेच पूर्वीसारखं झालं नाही. कितीतरी महिने कामापुरतंच बोलत होतो, असं धाकटीनेच मला नंतर सांगितलं. थोरलीचा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. घरात भिंत धरून चालतो, लांब जायचं तर चाकाची खुर्ची. व्यायामासाठी त्याला कधी आई आणते, कधी काकी.

गेल्या महिन्यात थोरली एकटीच आली होती. खर्ड्याला तिच्या मावशीची मुलगी दिलेली आहे, तिला अजून मूल व्हायचंय. ही तिला सांगायला दोन बस बदलून गेली होती. त्या मुलीने ऐकून घेतलं नाही. आमच्यात असलं काही नाही म्हणाली आणि चहासुद्धा विचारला नाही.

मी विचारलं, मग?

“मग काय,” ती म्हणाली. “पुढल्या आठवड्यात परत जानार हाय. तुमचा ह्यो नकाशा द्या मला एक, तिला दाखवते.”

मी बाकीच्यांची माहिती वगळून तिच्यासाठी नवा नकाशा काढायला घेतला.