अर्जवाल्या काकूंची दुसरी प्रत

“‘लई मारलं’ असं न्हाई लिवायचं, दादा. कुणी, कुटं, किती वाजता, ते सांगा.”

भुकूमला झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जवाल्या काकू माझ्या बाबांना सांगत होत्या. मी दोन पावलं मागे उभी होते. आदल्या दिवशी बिल्डरने आमच्या शेताची वाट तारेने बंद केली, म्हणून बाबा तक्रार द्यायला चौकीत गेले होते. हवालदाराने तक्रार घेतली नाहीच, उलट बाबांच्या कानाखाली वाजवली. “आम्हाला कायदा शिकवतो काय?” मी शेजारीच फाईल धरून उभी होते. एक शब्द बोलले नाही.

काकू अर्जातून रडणं काढून टाकत. “माझा अपमान झाला, तेही लिहा,” बाबा म्हणाले. काकू म्हणाल्या, “अपमान मनात ऱ्हाऊ द्या. कागदावर चापट लिवू. ती कुणाला खोडता येत न्हाई.”

मग त्यांनी हवालदाराचं नाव आणि बक्कल नंबर विचारला. बाबांना काहीच आठवेना. मला लोकांच्या चेहऱ्याकडे बघायचा संकोच वाटतो, त्यामुळे छातीवरची पट्टी मी वाचली होती. मी हळूच दोन्ही सांगितलं.

“पोरगी गप हाय, पण डोळं उघडं हायेत!” काकू हसल्या आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. माझी शाळा इंग्रजी, मराठीत सही करताना मी अडखळले. “इंग्रजीत कर गं. सही तुजी पायजे, बास.”

प्रत्येक अर्जाच्या त्या दोन प्रती करत. एक साहेबांची, दुसरी शिक्का मारून परत आणायची, पोच म्हणून. बिनशिक्क्याचा माणूस परत आला की त्याला चहासुद्धा न विचारता माघारी पाठवत. “शिक्का न्हाई म्हंजे तुमी गेलाच न्हवता. पोलीस अधीक्षकांनी न्हाई ऐकलं, तर फुडं पोलिसांवरच्या तक्रारींचं प्राधिकरण हाय. तितं हाच कागद मागत्यात.”

आता त्या लेकीकडे राहायला गेल्यात. टेबलाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात. तिथून जाताना माझी चाल अजून हळू होते.

त्या दिवशी अर्ज द्यायला निघताना मी त्यांना सोबत चला म्हणून विनवलं होतं. “मी आले तर तू माज्या तोंडाकडं बघशील,” त्या म्हणाल्या.

अधीक्षक कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज न वाचताच बाजूला सरकवला. “ठेवून जा. साहेब बघतील.” बाबा मान खाली घालून वळले. दुसरी प्रत माझ्या हातात होती. ती मी त्याच्यासमोर ठेवली.

“यावर शिक्का द्या,” मी म्हणाले. “मारलं तेव्हा मी तिथेच उभी होते.”