मधली भिंत

चाकणच्या पेठेत कांद्याच्या वखारींकडे वळताना दोन घरं एकमेकांना चिकटून उभी होती. दोन्हींचं तोंड अरुंद, जेमतेम दुकानाच्या फळ्या मावतील एवढं. आत मात्र एकामागे एक चार खण, वर माडी आणि मागं परस. एका घरात उद्धवराव अडते राहत, दुसऱ्यात मारुतराव आणि त्यांच्या पत्नी अंबुबाई. मारुतरावांचं अंग वाऱ्यानं गेलं होतं. ते खालच्या खोलीत खाटेवरच असत.

ही दोन्ही घरं चऱ्होलीच्या सोनबा गवंड्यानं बांधली होती. तेव्हाचे दोन्ही मालक भागीदार होते, जिवाभावाचे. म्हणून सोनबानं मधे एकच भिंत घातली. जोत्यापर्यंत घडीव दगड, त्यावर विटा आणि पांढरीची माती. दोन्ही घरांच्या तुळयांची टोकं त्याच भिंतीत शिरलेली. सोनबाचा मुलगा ज्योतीराम तेव्हा बापाच्या हाताखाली होता. कुठली तुळई भिंतीत किती हात गेली आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

सन पंचावन्नच्या पावसाळ्याअखेर उद्धवरावांनी त्याला बोलावलं. जुनं घर पाडून सिमेंटचं, गच्चीचं घर बांधायचं होतं. नाशिक रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या, पुढं मोठं दुकान काढायचं त्यांच्या मनात होतं.

ज्योतीराम म्हणाला, "मालक, मधल्या भितीला हात लावायच्या आधी पलीकडच्या घरात टेकू द्यावं लागत्याल. आणि त्या माणसांना म्हैनाभर दुसरीकडं ऱ्हावं लागंल."

"मारुतराव खाटेवरून हलत नाही, तो कुठं जाणार?" उद्धवराव म्हणाले. "भिंतीची माझी बाजू मी काढतो, त्यांच्या बाजूला कोण हात लावतंय? दसऱ्याला मला पाया भरायचा आहे. तुला जमत नसेल तर पुण्याचे गवंडी तयार आहेत."

ज्योतीराम गप्प बसला. बापानं बांधलेल्या घराला परक्यानं पहार लावावी, हे त्याला सोसलं नसतं. अंबुबाईंच्या घरात त्यानं घाईघाईनं चारच टेकू लावले. आठ लागले असते, हे त्याला ठाऊक होतं.

कामावर त्याची बायको सरुबाईही होती. लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर मातीच्या पाट्या वाही. तीस वर्षं भिंतींच्या सावलीत वावरून तिची नजर भिंतीचा कल हेरणाऱ्या ओळंब्यासारखी झाली होती.

कौलं उतरली, माडी उतरली, मधली भिंत उघडी पडली. त्यातच हस्ताचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई भिंतीपाशी थांबली.

"अवं, भितीला प्वाट आलंय. काल न्हवतं."

ज्योतीरामनं पाहिलं. खरोखरच फुगवटा होता. एक क्षण त्याला वाटलं, काम थांबवावं. पण उद्धवराव ओट्यावर उभे होते.

"टेकू हायेत," तो म्हणाला. "तू पाट्या उचल."

ती दोन पाट्या टाकून आली. मग तिला राहवलं नाही. पाटी खाली ठेवून ती शेजारच्या घरात गेली. "बाई, म्हाताऱ्याला परसात घ्या," तिनं अंबुबाईंना सांगितलं, आणि दोघींनी खाट ओढत मागच्या दारातून बाहेर काढली. पांघरूण आत राहिलं होतं. ते आणायला सरुबाई आत गेली, तेवढ्यात भिंत बसली.

धुरळा खाली बसायच्या आतच ज्योतीराम हातांनी विटा उपसू लागला. ती सापडली तेव्हा पांघरूण तिच्या हातात होतं. श्वास नव्हता.

तेराव्यानंतर गावचे पंच मारुतीच्या देवळात बसले. पावसामुळं भिंत गेली, दैवाची गोष्ट, असं उद्धवराव सांगत होते. पंचांनी ज्योतीरामला विचारलं.

"पावसानं न्हाई," तो म्हणाला. "टेकू कमी हुते, मला म्हाईत हुतं. मालकाला येकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई. तिनं दाखवलं तरी मी तिलाच पाटी उचलाय लावली. मालकानं घाई केली, ती त्यांची चूक. गप बसलो, ती माझी."

उद्धवरावांनी मान खाली घातली. अंबुबाईंचं घर आधी उभं करायचं, आणि आपल्या घराची भिंत वेगळ्या पायावर घ्यायची, हे त्यांनी तिथंच कबूल केलं.

अंबुबाईंची भिंत बांधायला दुसरा गवंडी बघू, असं पंच म्हणाले. ज्योतीराम ऐकेना. त्यानं एकट्यानं, एकेक वीट पाण्यात भिजवून, दोन महिने ती भिंत रचली. अंबुबाई रोज दुपारी त्याच्यासाठी भाकरी ठेवत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "ज्योतीरामा, तिनं माझं कुंकू राखलं रे." तो थापी धूत राहिला.

मारुतराव पुढं चार वर्षं जगले. दोन घरांच्या मधे आता बोटभर फट होती, तिच्यात चिमण्या काड्या कोंबत. ज्योतीराम गवंडीकाम करत राहिला. मात्र कुणी घर पाडायला बोलावलं, की तो आधी शेजारच्या दारात जाई, पागोटं काढून उभा राही आणि म्हणे, "तुमी भायेर पडल्याबिगर मी पहार उचलनार न्हाई." मालक कितीही रागावला तरी तो तिथून हलत नसे.